जुन्या लॅपटॉपला नवा कारभारी

संगणक ही वस्तू आता शेतकऱ्याच्या घरात अपूर्वाईची राहिलेली नाही. मोबाइल तर हातोहाती आहेच. पण मुलाच्या शिक्षणासाठी कधीकाळी घेतलेला एखादा लॅपटॉपही पुष्कळ घरांतून सापडतो. मुलगा शिकून पुण्याला जातो, लॅपटॉप घरी राहतो. मग सातबारा काढणे, अनुदानाचा अर्ज भरणे, बचत गटाचा हिशेब ठेवणे ही कामे त्याच्यावर चालतात. आठ-नऊ वर्षांत तो इतका मंद होतो, की बटण दाबून चुलीवर चहा ठेवावा, प्यावा, कपबशी विसळून ठेवावी, तेव्हा कुठे पडदा उजळतो. फिरतीवर असताना असे लॅपटॉप मला गावोगाव दिसतात. कोणाचा कपाटावर धूळ खात पडलेला, तर कोणाचा भंगारवाल्याने पाचशे रुपयांना मागितलेला.

आमच्या घरचा लॅपटॉप २०१७ सालचा. थोरल्याच्या डिप्लोमासाठी घेतलेला. सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि त्यावर विंडोज १०. थोरला नोकरीला लागल्यापासून त्याचा ताबा आमच्या सौ.कडे आहे. त्या बचत गटाच्या सचिव आहेत. बारा बायकांचा गट, अकरा वर्षे चालू. कर्ज कोणी किती उचलले, हप्ता कोणाचा थकला, कोणत्या बैठकीत काय ठराव झाला, हे सगळे त्यांनी त्या यंत्रात मराठीत टंकून ठेवले आहे. लग्नाआधी त्यांनी मराठी टंकलेखनाची सरकारी परीक्षा दिली होती. त्या विद्येचा इतका उपयोग होईल असे तेव्हा कोणाला वाटले नव्हते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रश्न उभा राहिला. विंडोज १० ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पडद्यावर तशा सूचना यायच्याच. पुष्कळांचा समज झाला की त्या तारखेला लॅपटॉप बंदच पडणार. तसे काही नव्हते. यंत्र चालूच राहते. फक्त त्यातली नवी सापडलेली भगदाडे बुजवायला कोणी येत नाही. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली होती. पण ते म्हणजे गळक्या पत्र्याला एका पावसाळ्यापुरते डांबर लावणे. विंडोज ११ घ्यावे, तर ते इंटेलच्या आठव्या पिढीच्या आतल्या प्रोसेसरला रीतसर बसत नाही. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात लागते. आमचे यंत्र सहाव्या पिढीचे. बाद.

तालुक्याच्या दुकानदाराने दोन उपाय सांगितले. एक, ४२ हजारांचा नवा लॅपटॉप. दुसरा उपाय त्याने आवाज खाली करून सांगितला. "साहेब, क्रॅक टाकून देतो. पाचशे रुपयांत काम."

आता ४२ हजार म्हणजे किती, हे शेतकऱ्याच्या मापाने मोजू. २०२५-२६ साठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाली होती. तो दर पदरात पडला असे धरले तरी हे जवळजवळ आठ क्विंटल सोयाबीन झाले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात काय केले, ते वाचकांना सांगायला नको. आमच्या वाटणीच्या चार एकरांत शेंगा झाडावरच काळ्या पडल्या होत्या. माझा पगार आहे, नाही असे नाही. पण धाकटीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची आणि वसतिगृहाची रक्कम बाजूला काढून ठेवली होती, आणि तिला हात लावायचा नाही यावर घरात एकमत होते.

क्रॅकचे मला सांगूच नका. बोगस बियाण्याच्या पिशव्या पकडण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पिशवी अगदी हुबेहूब असते, शिक्का असतो, चिकटवलेली चिठ्ठी असते. आत काय आहे ते मात्र उगवल्यावर, नाहीतर न उगवल्यावर, कळते. चोरीच्या प्रोग्रामचेही तसेच असते. कुलूप तोडून दिलेल्या घरात आणखी कोणाकोणाला किल्ली दिलेली आहे ते आपल्याला कसे कळणार? आणि त्याच यंत्रावरून आपण बँकेचे खाते उघडतो. शेजारच्या एका गुरुजींनी सुचवले, की त्यापेक्षा परत जुने विंडोज ७ टाका, ते हलके होते. हलके होते खरे. पण त्याचीही मुदत १४ जानेवारी २०२० लाच संपलेली. मुदत संपलेल्या कीटकनाशकाची बाटली कितीही नवी दिसली तरी मी ती शेतात वापरू देत नाही, मग घरात कशी देईन? इंटरनेटला न जोडता नुसता हिशेब ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

मार्ग पुतण्याने दाखवला. तो औरादला एका शाळेत संगणक शिकवतो. त्याने लॅपटॉप उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, बैल म्हातारा नाही झालेला. गाडीत वजन जास्त टाकलंय." त्याने लिनक्सचे नाव काढले.

वाचकहो, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. लॅपटॉप हा वाडा धरला तर ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या वाड्याचा कारभारी. धान्य कुठल्या कणगीत ठेवायचे, कोणाला आत घ्यायचे, कोणाला दारातच थांबवायचे, एका वेळी किती कामे काढायची, हे सगळे तो ठरवतो. विंडोज हा एक कारभारी. लिनक्स हा दुसरा. वाडा तोच राहतो, कारभारी बदलता येतो.

लिनक्सची हकिगत मला माझ्या पेशामुळे फार जवळची वाटली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषणा केली, की सर्वांना मोकळेपणाने वापरता येईल अशी संगणकप्रणाली आपण तयार करणार. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने तिचा गाभा लिहिला आणि जगापुढे ठेवला. ज्याला हवा त्याने घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा. अट एवढीच, की सुधारून दुसऱ्याला दिलात तर त्याची कृतीही त्याला द्या आणि तुम्हाला मिळालेली मोकळीक पुढच्यालाही द्या. गेली तीसहून अधिक वर्षे जगभरची माणसे त्यात भर घालत आली. त्यांत हौशी आहेत तशाच मोठमोठ्या कंपन्यांच्या पगारावरचे तज्ज्ञही आहेत. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे जे लोक "आम्हाला लिनक्स जमणार नाही" म्हणतात, ते बहुधा लिनक्स खिशात घेऊनच हिंडत असतात.

मला यात सरळ वाण दिसला. संकरित बियाणे दर हंगामाला विकत घ्यावे लागते. सोयाबीनचा जे.एस. ३३५ सारखा सरळ वाण मात्र एकदा आणला की नीट राखून दोन-तीन वर्षे घरचे बी पेरता येते, भावकीत देता येते. आपल्या देशाने २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात हा हक्क लिहूनच ठेवला आहे. बी राखावे, पेरावे, वाटावे, विकावे. संरक्षित वाणाचे बी कंपनीच्या छापाने मात्र विकू नये. संगणकाच्या जगातही कोणी असा हक्क लिहून ठेवला असेल याची मला कल्पना नव्हती. आपल्याकडेही हे बी रुजलेले आहे. केरळातील सरकारी शाळांतून मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकतात, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाचा लिनक्सचा एक प्रकार काढला. प्रकार पुष्कळ आहेत. जुन्या यंत्राला झेपेल आणि विंडोजची सवय असलेल्याला परके वाटणार नाही म्हणून पुतण्याने आमच्यासाठी ‘लिनक्स मिंट’चा हलका, एक्सएफसीई नावाचा अवतार निवडला. त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळायच्या आहेत. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरे.

सौ.ना हे मान्य नव्हते. "अहो, अकरा वर्षांचा हिशेब आहे त्यात. बायकांच्या घामाचे पैसे आहेत. फुकट मिळतंय म्हणून काहीही टाकू नका." त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यात डिसेंबरात बँकेचे अधिकारी नव्या कर्जासाठी गटाच्या मागच्या पाच वर्षांच्या नोंदी बघायला येणार होते.

मी त्यांना म्हणालो, "आधी गोणपाटात बघू."

गोणपाटाचे वाचकांना माहीतच आहे. घरचे सोयाबीन पेरायचे तर शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांत मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, आणि पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा अधिक आले तर खुशाल पेरा. शेताला हात न लावता शेताचा अंदाज येतो. लिनक्सलाही नेमकी हीच सोय आहे, आणि मला ती त्याची सर्वांत मोठी सोय वाटते. साधारण तीन जीबीची फाइल उतरवून घ्यायची आणि एका छोट्या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘लिहायची’. नुसती कॉपी करून चालत नाही, आणि लिहिताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. मग लॅपटॉप चालू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, ज्या कंपनीचे जे बटण असेल ते दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू लागते. हार्डडिस्कवरचे विंडोज आणि फाइली आपण होऊन हात लावला नाही तर जागच्या जागी राहतात. बंद केले की पुन्हा पूर्ववत.

आठ दिवस रोज संध्याकाळी आम्ही असे कोंब मोजले. वायफाय लागले. आवाज, कॅमेरा ठीक. सातबाऱ्याचे संकेतस्थळ उघडले. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उताराही काढून पाहिला. महाडीबीटीचे पान उघडले, मोबाइलचे व्हॉट्सॲप ब्राउझरमध्ये दिसले. ही सगळी कामे ब्राउझरमधली; त्यांना खाली कारभारी कोण आहे याचे सोयरसुतक नसते. आमचा जुना लेसर प्रिंटर मात्र काही केल्या बोलेना. आणि मग सौ.नी गटाच्या ठरावांची फाइल उघडली.

मराठीचे एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरे, अर्धविराम, कंस यांची नुसती खिचडी. सौ. काही बोलल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या.

असे का झाले ते सांगणे जरूर आहे, कारण गावोगावच्या सोसायट्यांच्या, ग्रामपंचायतींच्या, शाळांच्या लॅपटॉपमध्ये हाच माल भरलेला आहे. जुन्या मराठी फाँटमध्ये संगणक ‘क’ हा क म्हणून साठवतच नाही. तो साठवतो इंग्रजी अक्षर, आणि फाँट त्या अक्षराच्या जागी ‘क’चे चित्र दाखवतो. चित्र दाखवणारा फाँट नसला की खालचे इंग्रजी उघडे पडते. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, आणि जगातल्या कोणत्याही यंत्रावर तो ‘क’च राहतो. म्हणजे दोष लिनक्सचा नव्हता. सौ.नी तीच फाइल दुसऱ्या गावच्या विंडोजवर उघडली असती आणि तिथे तो फाँट नसता, तरी हेच दिसले असते. अकरा वर्षांचा हिशेब एका फाँटच्या आधाराने उभा होता, आणि हे आम्हाला गोणपाटातच कळले.

तात्पुरता उपाय सोपा निघाला. विंडोजमधून त्या फाँटची फाइल आणून लिनक्समध्ये बसवली, आणि ठराव जसेच्या तसे दिसले. पक्का उपाय म्हणजे सगळे युनिकोडमध्ये आणणे. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी सरकते, आणि ‘शेतकऱ्यां’मधला अर्धा ‘र’ तर हमखास बिघडतो. कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. सौ. आणि धाकटी दिवाळीच्या सुटीत रोज दोन तास बसल्या. एकीने मूळ वही वाचायची, दुसरीने पडद्यावर बोट ठेवायचे. आकडे सगळे जुळले. एका सभासद बाईंच्या नावातली वेलांटी तेवढी तीन ठिकाणी चुकली होती. ती बँकेच्या पासबुकाप्रमाणे करून घेतली.

त्यानंतरच यंत्र उघडले. पुतण्याने जुनी हार्डडिस्क काढून जागेवर २५६ जीबीची एसएसडी बसवली, रॅम आणखी ४ जीबी वाढवली. दोन्ही मिळून खर्च साडेचार हजारांच्या आत. लिनक्स बसायला अर्धा तास पुरला. काढलेली हार्डडिस्क पुसली नाही. विंडोजसकट आणि फाइलींसकट कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. शिवाय फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक थोरल्याकडे. बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे!

आता यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत चालू होते. यातला मोठा वाटा एसएसडीचा आहे, लिनक्सचा नव्हे. ज्यांना विंडोज सोडायचे नाही आणि ज्यांचे यंत्र विंडोज ११ ला चालण्यासारखे आहे, त्यांनी नुसती एसएसडी घातली तरी फरक पडेल. लिनक्सचा फायदा निराळा. सुरक्षा-दुरुस्त्या येत राहतात, आणि त्या कधी बसवायच्या ते आपण ठरवतो. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रे ऑफिस आहे. साधी पत्रे, बेरजा, पीडीएफ यांत काही अडत नाही; फार नक्षीदार फाइल असेल तर मांडणी थोडी हलते. पडद्यावरच्या सूचना मराठीत घेता येतात, पण भाषांतर अपुरे आहे, मध्येच इंग्रजी डोकावते.

काही घरांनी मात्र या वाटेला जाऊ नये. ज्याचा धंदा टॅलीवर चालतो, ज्याला अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीची किल्ली रोज जोडावी लागते, त्याने विंडोज सोडायची घाई करू नये. त्यातले सगळेच लिनक्सवर सरळ चालत नाही. आणखी एक. कारभारी कितीही प्रामाणिक असला तरी मालकानेच फोनवर ओटीपी सांगितला तर तो काही करू शकत नाही. आमच्या भावकीतल्या एकाचे २८ हजार असेच गेले. त्यात संगणकाचा काही संबंध नव्हता.

सौ.ना सर्वांत जड गेले ते टंकलेखन. बोटांना पंचवीस वर्षांची जुनी मांडणी पाठ. त्यांनी इनस्क्रिप्ट शिकायचे ठरवले. ही मांडणी भारत सरकारने ठरवलेली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. आणि तीच मांडणी कन्नडला, तेलुगूलाही चालते. आमचा भाग सीमेचा, त्यामुळे याचे त्यांना कौतुक वाटले. पंधरा दिवस त्या चिडचिडल्या. नेहमीच्या पानभर ठरावाला तासभर लागायचा. "हा ‘ज्ञ’ कुठे पळाला?" अशी हाक स्वयंपाकघरापर्यंत यायची. महिन्याने हाका थांबल्या.

डिसेंबरात बँकेचे अधिकारी आले. त्यांनी पाच वर्षांच्या नोंदी मागितल्या, सौ.नी पीडीएफ करून तिथल्या तिथे पाठवल्या. त्यांनी मोबाइलवर उघडल्या, तर मराठी जशीच्या तशी. संगणकात कोणता कारभारी आहे हे त्यांनी विचारले नाही. गटाला कर्ज मंजूर झाले, शेवयांचे यंत्र आले. ते अर्थात बायकांच्या वेळेवर भरलेल्या हप्त्यांमुळे.

प्रिंटर शेवटपर्यंत बोलला नाही. तो शाळेला देऊन टाकला. तिथल्या विंडोजवर व्यवस्थित चालतो. आम्ही छपाईचे काम चौकातल्या दुकानात करतो.

आता गटाच्या अध्यक्षबाईंनी त्यांच्या मुलाचा लॅपटॉप आणून दिला आहे. तो २०१५ चा. तीन दिवसांपासून पेनड्राइव्हवर तपासणी चालू आहे. बाकी सगळे लागते, वायफाय सापडत नाही. मोबाइल केबलने जोडला की इंटरनेट मिळते, पण रोज केबल कोण जोडणार? पुतण्या म्हणतो, वायफायसाठी वेगळा ड्रायव्हर शोधतो. तोवर त्यांच्या हार्डडिस्कला हात लावायचा नाही, असे सौ.नी त्याला बजावले आहे.